आधी मिनिटं, मग माणसं, शेवटी स्क्रीन : प्रगत अणुभट्टीच्या कामकाजाची आखणी

जळगाव, धुळे, शिरपूरच्या अभियांत्रिकी कॉलेजांतले शेवटच्या वर्षाचे प्रकल्प माझ्याकडे वाचायला येतात. औष्णिक केंद्रात डेस्कवर बसणाऱ्या, पुढे अणुवीज क्षेत्रात जाऊ पाहणाऱ्या मंडळींची टिपणंही येतात. विषय असतो नव्या पिढीची अणुभट्टी माणसं कशी चालवतील हा, आणि बहुतेक टिपणांच्या पहिल्याच पानावर स्क्रीनचं रंगीत चित्र असतं. पाळीत माणसं किती हे शेवटच्या परिच्छेदात उरकलेलं असतं, आणि कोणत्या कामाला किती मिनिटं मिळतात हे कुठेच नसतं. क्रमच उलटा झाल्यामुळे चित्र कितीही देखणं असलं तरी त्याच्या जोरावर काही ठरवता येत नाही.

खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. सरावासाठी आपण एक केंद्र कल्पू : तापीकाठी चार छोटी मॉड्युल (स्वतंत्र छोट्या अणुभट्ट्या), प्रत्येकी २०० मेगावॉट औष्णिक क्षमतेची, म्हणजे हा आकडा विजेचा नव्हे, उष्णतेचा, चौघांना मिळून एकच कंट्रोल रूम. बिघाडात पंप नसतानाही नैसर्गिक अभिसरणाने, म्हणजे गरम पाणी वर आणि थंड खाली या आपसूक फिरण्याने, उष्णता बाहेर काढण्याची सोय आहे. केंद्र काल्पनिक आहे, त्याचे मिनिटांचे आकडेही मानलेले आहेत; पद्धत मात्र खरी आहे.

## तयारी : बसण्याआधी काय जमवायचं

माणसं चार तरी हवीत. रात्रपाळी केलेला एक डेस्क ऑपरेटर, कंट्रोल अँड इन्स्ट्रुमेंटेशनचा एक जण, बिघाडात तापमान-दाब किती वेळात कुठे जातील हे काढून देणारा एक विश्लेषक, आणि ज्याने हे डिझाइन केलेलं नाही असा एक त्रयस्थ. चौथ्याला बहुतेक जण वगळतात. तो आडवे प्रश्न विचारतो आणि म्हणूनच लागतो.

कागदपत्रांत अमेरिकी अणुनियामकाचा नुरेग-०७११ हा दस्तऐवज जवळ ठेवा. मानवी घटकांच्या, म्हणजे यंत्रणा माणसाला झेपेल अशी आखण्याच्या, कामाचे १२ भाग त्यात क्रमाने दिले आहेत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं एसएसजी-५१ हे मार्गदर्शक २०१९ चं आहे, तेही घ्या. दोन्ही पाठ करू नका, कुठे काय आहे तेवढं कळलं की पुरे.

शक्य असेल तर परवानगी काढून एखाद्या चालू केंद्राची कंट्रोल रूम बघून या, अणुकेंद्रच हवं असं नाही. तिथे नव्या स्क्रीनकडे बघण्यात वेळ घालवू नका. ऑपरेटरने स्वतः चिकटवलेल्या चिठ्ठ्या, मार्करने मीटरवर मारलेल्या रेघा, बटणावर लावलेली चिकटपट्टी शोधा. डिझाइनरने जे द्यायला हवं होतं आणि दिलं नाही, ते तिथे सापडतं.

शेवटची तयारी म्हणजे एक त्रुटी वही. पुढच्या प्रत्येक टप्प्यात जे खटकेल ते तिच्यात नंबर, तारीख आणि जबाबदार माणसाच्या नावासह जाईल.

इशारा : औष्णिक केंद्रातून आलेल्यांनी एक सवय दाराबाहेर ठेवावी. तिथे बॉयलर ट्रिप झाला, म्हणजे बिघाडाने आपोआप बंद पडला, कोळसा तुटला, की भट्टीत नवी उष्णता तयार होणं थांबतं. अणुभट्टीत विखंडन थांबलं तरी किरणोत्सारी ऱ्हासाची उष्णता चालूच राहते. थांबल्याक्षणी ती पूर्ण क्षमतेच्या सहा ते सात टक्के असते, तासाभराने साधारण दीड टक्का, दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या आसपास. आपल्या एका मॉड्युलला लावून बघा : सुरुवातीला १२ ते १४ मेगावॉट, तासाने ३, दुसऱ्या दिवशीही १ मेगावॉट. 'ट्रिप झालं, आता निवांत' हे वाक्य इथे चालत नाही.

## टप्पा १ : कामकाजाचा आराखडा लिहा

अजून स्क्रीन नाही. साध्या मराठीत चार-पाच पानं लिहा : केंद्र कोणकोणत्या स्थितीत असू शकतं, प्रत्येक स्थितीत कोण कुठे बसलेलं किंवा फिरत असेल, आणि निर्णय कोणाचा.

पूर्ण लोडवरची स्थिती सगळेच लिहितात. सुटतात त्या या :

- एका मॉड्युलमध्ये इंधन बदलणं चालू आहे आणि बाकीची तीन वीज देत आहेत.
- एक मॉड्युल सुरू होतंय, दुसरं बंद होतंय, दोन्ही एकाच पाळीत.
- दुपारी सौरवीज भरपूर, सूर्य कलला की ती उतरते. साक्री तालुक्यातल्या सौर प्रकल्पासारखे प्रकल्प वाढतील तसा संध्याकाळी लोड चढवण्याचा दट्ट्या वाढणार. लोड किती वेगाने चढवायचा, कोणाच्या सांगण्यावरून, आणि 'नाही' म्हणायचा अधिकार कोणाला?
- कंट्रोल रूम सोडावी लागली.

शेवटचा मुद्दा कागदी वाटतो, म्हणून त्याचा दाखला पुढच्या टप्प्यात घेऊ.

भट्टीच्या जातीप्रमाणे स्थिती बदलतात, हेही इथेच धरा. द्रवरूप सोडियमची भट्टी असेल तर सोडियम सुमारे ९८ अंश सेल्सिअसला गोठतो, म्हणजे बंद काळातही पाइप गरम ठेवणं हे कोणाचं तरी काम झालं. चीनच्या शिदाओवानमधल्या एचटीआर-पीएम या केंद्रात दोन भट्ट्या मिळून एक टर्बाइन फिरवतात. तिथे एका भट्टीची अडचण दुसरीच्या ऑपरेटरच्या डेस्कवर येऊन बसते.

तपासा : आराखडा त्रयस्थाला वाचायला द्या आणि विचारा, 'पहाटे चार वाजता मॉड्युल ३ चा मालक कोण?' त्याला उत्तर देता आलं नाही तर पुन्हा लिहा.

## टप्पा २ : जुने अपघात प्रश्नांत बदला

इथे सगळे अपघाताची गोष्ट सांगत बसतात. गोष्ट नको. प्रत्येक घटनेतून तीनच रकाने काढा : ऑपरेटरला काय दिसलं, खरं काय होतं, आणि आपल्या डिझाइनला त्यावरून कोणता प्रश्न विचारायचा.

थ्री माइल आयलंड, अमेरिकेतलं अणुकेंद्र, २८ मार्च १९७९, पहाटे चारच्या सुमारास. दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडा अडकला होता. पॅनेलवरचा दिवा मात्र व्हॉल्व्हची स्थिती दाखवत नव्हता, त्याला गेलेला आदेश दाखवत होता. दिवा विझला, ऑपरेटरने व्हॉल्व्ह बंद झाला असं धरलं. पहिल्या काही मिनिटांत शंभराहून जास्त अलार्म वाजले. गळतीची ती वाट बंद व्हायला दोन तासांच्या वर गेले, आणि ती बंद झाली नव्याने येऊन पोचलेल्या पाळीप्रमुखामुळे. प्रश्न : आपल्या स्क्रीनवर कुठे कुठे आदेशालाच स्थिती म्हणून दाखवलंय? आणि आधीच्या गृहीतात न अडकलेला माणूस खोलीत कधी येतो?

नरोरा, उत्तर प्रदेशातलं अणुकेंद्र, ३१ मार्च १९९३, पुन्हा पहाट. टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन आणि तेलाला आग लागली, केबल जळाल्या, केंद्राची वीज सुमारे १७ तास गेली. कंट्रोल रूममध्ये धूर शिरला आणि माणसांना बाहेर पडावं लागलं. डिझेलवर चालणारे अग्निशमन पंप वापरून स्टीम जनरेटरमध्ये पाणी सोडून भट्टी थंड ठेवली, ती या माणसांनी. प्रश्न : कंट्रोल रूम सोडली तर कोणते आकडे कुठे दिसतील, आणि त्या जागेची वीज वेगळ्या वाटेने येते का? आपल्याच देशातली घटना असून प्रकल्पांत तिचा उल्लेख क्वचित दिसतो, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

फुकुशिमा, ११ मार्च २०११, युनिट १. तिथे पंपाविना चालणारा आयसोलेशन कंडेन्सर होता, म्हणजे भट्टीची वाफ थंड करून पाणी परत भट्टीत सोडणारी यंत्रणा. त्सुनामीनंतर बॅटरीची वीजही गेली आणि ती यंत्रणा चालू आहे की बंद, याबद्दल गैरसमज तासन्‌तास राहिला. प्रगत भट्ट्यांसाठी सगळ्यांत महत्त्वाचा दाखला हाच. 'आपली सुरक्षा आपोआप चालते, ऑपरेटरला काही करायचं नाही' असं लिहिणाऱ्याला विचारा : ती चालली हे ऑपरेटरला कळणार कसं, तेही वीज नसताना?

इशारा : 'ऑपरेटरची चूक' हे शब्द या तक्त्यात आले की ती ओळ खोडा. त्या ओळीतून डिझाइनला विचारण्यासारखा प्रश्न निघत नाही.

## टप्पा ३ : काम कोणाचं, यंत्राचं की माणसाचं

प्रत्येक कार्यासाठी दोनच पर्याय ठेवू नका. मधल्या पायऱ्या असतात : यंत्र सुचवतं आणि माणूस करतो, यंत्र करतं पण माणसाच्या होकारानंतर, यंत्र करतं आणि माणूस थांबवू शकतो, यंत्र करतं आणि फक्त कळवतं. प्रत्येक कार्यापुढे पायरी लिहा, आणि यंत्राने हात टेकले तर काम कोणाकडे येईल ते त्याच ओळीत लिहा.

नेहमीची चूक : जे जमेल ते यंत्राला, उरलंसुरलं माणसाला. मग माणसाकडे उरतात ती क्वचित येणारी, अवघड, अर्धवट माहितीतली कामं. तीही सहा तास नुसतं बघत बसल्यानंतर.

तपासा : यंत्राकडून काम परत आलं त्या क्षणी ऑपरेटरला तीन गोष्टी एका नजरेत दिसतात का : यंत्र काय करत होतं, का थांबलं, आता किती वेळ आहे?

## टप्पा ४ : कामाचं विश्लेषण, मिनिटांसह

सगळ्या कामाचा कणा हाच. इथे घाई केली तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

एक प्रसंग घेऊ. मे महिना, रात्रीचे तीन, वादळात ग्रीड गेली. चारही मॉड्युल ट्रिप झाली. तिघांवर उष्णता काढणारा व्हॉल्व्ह आपोआप उघडला, मॉड्युल ३ वर नाही. विश्लेषकाने सांगितलं की मर्यादा ओलांडायला ४० मिनिटं आहेत. हा झाला उपलब्ध वेळ. तो डिझाइनकडून येतो, ऑपरेटरला विचारून ठरवायचा नसतो.

आता लागणारा वेळ. काम मोडून लिहा :

१. मॉड्युल ३ वेगळं वागतंय हे लक्षात येणं : ४ मिनिटं
२. दुसऱ्या, स्वतंत्र खुणेवरून खात्री करणं : ५
३. पाळीप्रमुखाशी बोलून निर्णय : ३
४. फील्ड ऑपरेटरला (कंट्रोल रूमबाहेर, यंत्रांपाशी फिरणाऱ्याला) रेडिओवर सांगणं : २
५. त्याने व्हॉल्व्हपर्यंत पोचणं : ९
६. हातचाकाने उघडणं : ६
७. उष्णता निघू लागल्याची खात्री : ४

बेरीज ३३. सात मिनिटं हातात राहतात, म्हणून बरेच जण इथे पेन खाली ठेवतात. आता मॉड्युल २ चाही व्हॉल्व्ह अडकला असं धरा. फील्ड ऑपरेटर एकच आहे. पहिला व्हॉल्व्ह २९ व्या मिनिटाला उघडला, तिथून दुसऱ्याकडे जायला ३, उघडायला ६, म्हणजे ३८ वं मिनिट. व्हॉल्व्ह वेळेत उघडला, पण तो चालल्याची खात्री ४२ व्या मिनिटाला. मधली मिनिटं व्हॉल्व्ह चालला की नाही हे कंट्रोल रूमला कळणार नाही, आणि त्या मिनिटांत कोणीतरी घाबरून तिसरंच काही करू शकतं.

उपाय तीन दिसतात : दुसरा फील्ड ऑपरेटर, बॅटरीवर चालणारा व्हॉल्व्ह, किंवा खात्री लवकर देणारं मापन. कोणता घ्यायचा यावर वाद होईल, होऊ द्या. पाइप अजून कागदावर आहे तोवर हा वाद स्वस्तात मिटतो.

विश्लेषणात सुटणाऱ्या गोष्टी :

- नऊ मिनिटांची चाल दिवसा, रिकाम्या हातांनी मोजलेली असते. अंधारात, टॉर्च धरून, संरक्षक कपड्यांत मोजा. भुसावळच्या मे महिन्यात चाललेल्याला हे वेगळं सांगायला नको.
- दाराला कुलूप आहे का? किल्ली कोणाकडे?
- हातचाक किती उंचीवर, किती जोर लागतो, एका माणसाचं काम आहे का?
- रेडिओ तळघरात पोचतो का?

इशारा : अनेक देशांत नवी डिझाइन्स अशी आखतात की पहिली ३० मिनिटं ऑपरेटरच्या कृतीवाचून निभावं. त्याचा अर्थ 'पहिली ३० मिनिटं ऑपरेटर रिकामा' असा घेऊ नका. तो बघत असतो, फोन घेत असतो, ग्रीडवाल्यांना उत्तरं देत असतो. ही कामंही यादीत घाला.

## टप्पा ५ : माणसं किती

आता, आणि आताच, पाळीतला आकडा काढा. टप्पा ४ मधल्या सगळ्यांत वाईट प्रसंगात एकाच वेळी किती हात आणि किती डोकी लागतात तिथून सुरुवात करा. 'मॉड्युल छोटी आहेत म्हणून माणसं कमी' हे गणित खर्चाच्या तक्त्यातून येतं, कामाच्या विश्लेषणातून नाही. अमेरिकेतल्या न्यूस्केलने एका कंट्रोल रूममधून १२ मॉड्युलपर्यंत चालवण्याची रचना मांडली, तेव्हा कमी माणसांत निभतं हे त्यांना सिम्युलेटरवर करून दाखवावं लागलं. आकडा आधी, पुरावा नंतर, असं तिथेही चाललं नाही.

अनेक मॉड्युलमुळे एक वेगळी चूक जन्माला येते : योग्य कृती, चुकीच्या मॉड्युलवर. दोन संचांच्या सामाईक कंट्रोल रूममध्ये बसलेल्यांना हा धाक माहीत असतो.

पहाटे तीन ते पाच शरीर मंदावतं, त्यामुळे नियोजित लोडबदल आणि चाचण्या त्या वेळात ठेवू नका. पाळी बदलताना चार्ज, म्हणजे कामाचा ताबा, देणं-घेणं हे वेळ लागणारं काम आहे. चार मॉड्युलचा चार्ज एका मॉड्युलएवढ्या वेळात होत नाही. आणि थ्री माइल आयलंडवरचा तो नव्याने आलेला माणूस आठवा. पाळीत एक जण असा ठेवा जो बटणांना हात लावत नाही, मागे उभा राहून फक्त चित्र जुळतंय का ते बघतो.

तपासा : एक जण आजारी पडला, एक जेवायला गेला. उरलेल्यांत टप्पा ४ चा प्रसंग पुन्हा चालवा.

## टप्पा ६ : आता स्क्रीन आणि अलार्म

इथपर्यंत आलात तर स्क्रीनवर काय हवं याची यादी तुमच्याकडे आपोआप तयार आहे : टप्पा ४ मधल्या प्रत्येक ओळीला लागणारी माहिती. यादीत नसलेली गोष्ट पहिल्या स्क्रीनवर नको.

आदेश आणि प्रत्यक्ष स्थिती वेगवेगळ्या दाखवा. निष्क्रिय, म्हणजे पंपाविना आपोआप चालणारी, यंत्रणा 'उपलब्ध', 'सुरू झाली' आणि 'खरोखर उष्णता नेतेय' या तीन अवस्था वेगळ्या हव्यात. तिसरी प्रवाहावरून किंवा दोन ठिकाणच्या तापमानांतल्या फरकावरून दाखवा. व्हॉल्व्ह उघडा आहे एवढ्याने ती सिद्ध होत नाही.

चार मॉड्युलना चार रंग देऊन भागवू नका. रंग न ओळखणारी माणसं असतात, शिवाय लाल-पिवळा अलार्मसाठी राखून ठेवायचा असतो. जागा कायम ठेवा : मॉड्युल १ नेहमी डावीकडे, आकडा मोठा, आणि कृतीच्या प्रत्येक खिडकीत पुन्हा तोच आकडा. आरशातल्यासारखी उलटी मांडणी कुठेच नको.

अक्षराचा आकार अंदाजाने ठरवू नका. बघण्याचं अंतर मिलिमीटरमध्ये घ्या, २३० ने भागा, ही किमान उंची. १७० ने भागलं तर आरामात वाचता येईल अशी. चार मीटरवरच्या मोठ्या पडद्यावर म्हणजे किमान साडेसतरा, बरं म्हणजे साडेतेवीस मिलिमीटर.

अलार्मबाबत प्रक्रिया उद्योगातलं ईईएमयूए-१९१ हे मार्गदर्शक नेहमीच्या चालू स्थितीत एका ऑपरेटरमागे दहा मिनिटांत सरासरी एक एवढाच भार ठीक मानतं. ज्यावर ऑपरेटरने काहीच करायचं नाही तो अलार्म नव्हे, ती नोंद. ट्रिप झाल्यावर अपेक्षितच असलेले अलार्म दाबून ठेवा आणि जे व्हायला हवं होतं पण झालं नाही ते वर आणा. आपल्या प्रसंगात मॉड्युल ३ ओळखायची चार मिनिटं एकाच्या आत येतात ती इथे.

## टप्पा ७ : कार्यपद्धती आणि प्रशिक्षण

थोडक्यात, कारण टप्पा ४ नीट झाला असेल तर एसओपी, म्हणजे लेखी कार्यपद्धती, त्यातूनच उतरते. एका पायरीत एकच कृती. इशारा कृतीच्या आधी छापा, नंतर नाही. 'गरज वाटल्यास' हे शब्द दिसले की तिथे आकडा लिहा.

रेडिओवरचं बोलणं मात्र शिकवायचं काम आहे. इंग्रजीत छापलेली एसओपी, मराठीत बोलणारा डेस्क आणि अहिराणीत उत्तर देणारा फील्ड ऑपरेटर अशी साखळी आपल्याकडे सहज तयार होते. बोली बदलायला लावू नका, ताणात माणूस आपल्याच भाषेत बोलतो. सक्ती एकाच गोष्टीची : मॉड्युलचा आणि व्हॉल्व्हचा पूर्ण क्रमांक, ऐकणाऱ्याने तो परत म्हणणं, आणि सांगणाऱ्याने 'बरोबर' म्हणणं. नुसतं 'व्हई गयं' (झालं) आलं तर कोणत्या मॉड्युलवर काय झालं हे पुन्हा विचारायचं, वरिष्ठ असला तरी.

## टप्पा ८ : एकत्र चालवून पडताळा

पूर्ण सिम्युलेटर नसेल तर पुठ्ठ्याच्या पॅनेलपासून सुरुवात करा. भिंतीवर खऱ्या मापाच्या प्रिंट चिकटवा, एक जण भट्टी होतो आणि आकडे सांगतो, पाळी आपलं काम करते, घड्याळ चालू. टप्पा ४ मधल्या निम्म्या चुका इथेच उघड्या पडतात.

नियम थोडे, पण मोडायचे नाहीत :

- डिझाइनरला ऑपरेटर म्हणून बसवू नका. त्याला उत्तर माहीत आहे.
- एकाहून जास्त पाळ्या तपासा. एक हुशार पाळी कोणतंही वाईट डिझाइन चालवून दाखवते.
- प्रसंग आधी सांगू नका. निदान एक प्रसंग असा हवा ज्यात मापनच खोटं बोलतंय, आणि एक असा ज्यात दोन मॉड्युल एकदम बिघडतात.
- पास-नापासाची रेघ चाचणीच्या आधी लिहून सही करा.
- चाचणी चालू असताना मदतीचा शब्दही काढू नका.

मोजायचं काय? वेळ, चुकीच्या मॉड्युलवरच्या कृती, आणि ताण. ताणासाठी नासा-टीएलएक्स ही सहा पट्ट्यांची प्रश्नावली सोपी आहे. मधेच चाचणी थांबवून, स्क्रीन झाकून विचारा : 'मॉड्युल ४ चं तापमान चढतंय की उतरतंय?' उत्तर न आल्यास तो दोष त्रुटी वहीत जातो, माणसाच्या गोपनीय अहवालात नाही. हे पाळीला आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर तुम्हाला खरं काही दिसणारच नाही.

शेवटी वही उघडा. प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक शेरा हवा : डिझाइन बदललं, कार्यपद्धती बदलली, किंवा कारणासह तसंच ठेवलं. 'प्रशिक्षणाने सुटेल' असा शेरा असलेल्या नोंदी वेगळ्या काढा आणि त्या सगळ्या त्रयस्थासमोर पुन्हा मांडा. डिझाइन बदलायचा कंटाळा बहुतेक वेळा याच शेऱ्यामागे लपलेला असतो. एखादा बदल झाला की तो ज्या टप्प्याला लागतो तिथून पुढचं सगळं पुन्हा चालवा. मॉड्युल ३ च्या व्हॉल्व्हला बॅटरी लावली तर चालायची नऊ मिनिटं गेली, पण बॅटरीचा चार्ज बघणं हे प्रत्येक पाळीचं नवं काम झालं, आणि ते अजून कोणाच्याच नावावर लिहिलेलं नाही.